जिवंत कवडी

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या विज्ञान प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आपल्या म्हैसुरात कवडी न हाताळलेले मूल विरळाच. चौकाबाऱ्याच्या चारही कवड्या उताण्या पडल्या की चार, पालथ्या पडल्या की आठ, हे येथे अक्षरओळखीच्या आधी समजते. तिसऱ्या कृष्णराज वडेयरांना तर पटावरच्या खेळांचा मोठा नाद होता. आपण मराठी माणसे तुळजाभवानीच्या कवड्यांच्या माळेला हात जोडतो आणि त्याच तोंडाने ‘कवडीमोल’ही म्हणतो. या परिचित वस्तूविषयी माझ्या हातून एक चूक घडली, ती आज सांगायची आहे.

मी भाषेची पदवीधर. पण नोकरीच्या सुरुवातीला एक वर्ष सहावीच्या विज्ञानाचे तास माझ्याकडे आले. मी शंखशिंपल्यांची चित्रे काढायला सांगितली. वडिलांच्या बदलीमुळे कारवारहून आलेल्या एका मुलाने कवडी काळपट, मऊ आणि अंगभर तंतू असलेली काढली. “हे काय?” मी विचारले. “बाई, कवडी. पांघरूण घेतलेली.” वर्ग हसला, मीही हसले आणि लाल शाईने फुली मारली.

पुढे बऱ्याच वर्षांनी मे महिन्यात मालवणला बहिणीकडे गेले होते. ओहोटीला शेजारच्या मुलांबरोबर खडकांत उतरले. एका मुलीने धोंडा अलगद उलटला. खाली काळपट मांसाचा गोळा चिकटलेला होता. तिने बोट लावताच तो पाठीवर मधोमध दुभंगला, दोन्ही पदर खाली सरकले आणि आतून लखलखीत कवडी निघाली! लिनियसने 1758 मध्ये हिला ‘अरॅबिका’ हे नाव दिले. पाठीवरच्या तपकिरी रेषा खरोखरच अरबी लिपीसारख्या दिसतात.

आम्ही पाण्यात उभ्या राहून वाट पाहिली. बऱ्याच वेळाने दातेरी फटीतून प्रथम रुंद पाय आला, मग श्वासाचे पाणी आत घेणारी आखूड नळी, मग दोन शिंगे. प्रत्येक शिंगाच्या बुडाशी एक बारीक डोळा होता. शेवटी दोन्ही बाजूंनी तंतुमय पदर वर चढले आणि पाठीवर एकमेकांना भिडले. ते जेथे भिडतात तेथे पुष्कळ कवड्यांवर फिकट रेघ उरते. आपल्या घरच्या कवड्या पाहा. इतर शंख लाटांनी झिजतात, त्यांच्यावर शेवाळ चढते. कवडी मात्र झाकलेली असते, आणि हेच आवरण तिच्यावर तकाकीचे थर देत राहते. विज्ञानात त्याला प्रावार म्हणतात. मला त्या मुलाचा शब्द अधिक नेमका वाटतो.

जवळच दुसरी कवडी होती. मी हात पुढे करताच ती मुलगी म्हणाली, “तिला नको, ती अंड्यांवर बसलीय.” खरेच, मादी पायाखाली अंडी झाकून बसते. आम्ही धोंडा होता तसा परत ठेवला; उलटा राहिला असता तर खालचे जीव उन्हाने मेले असते.

तो मुलगा वर्षभरातच दुसऱ्या गावी गेला. आज तो या सभागृहात नसावा. तरीही त्याच्या वहीवरची ती फुली मी आपणा सर्वांसमक्ष मागे घेते.

तिसऱ्या मेजावर सातवीच्या मुलींनी मातीची कवडी केली आहे, पांघरुणासह. कृपया हात लावू नये. रंग अजून ओला आहे.