मोडक्या भागांची फळी

(विश्वकर्मा जयंतीनिमित्त कामगार बंधू व त्यांच्या कुटुंबीयांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजच्या दिवशी बोलण्यासाठी मला बोलावले, याचा आनंद आहे आणि संकोचही आहे. मी कला शाखेचा पदवीधर, व्यवसायाने पत्रकार. समोर बसलेल्यांपैकी अनेकांनी आयुष्यभर लोखंडाला आकार दिला. मी केवळ शब्दांना दिला. भारतीय मजदूर संघ विश्वकर्मा जयंती हा राष्ट्रीय श्रम दिवस म्हणून पाळतो. या दिवशी कामगारांना श्रमाचे महत्त्व मी सांगणे म्हणजे गवळ्याला दुधाचा रंग सांगण्यासारखे आहे. म्हणून मी उपदेश करणार नाही. एका माणसाची गोष्ट सांगेन आणि त्या गोष्टीने मला माझ्याच घरातील कोणती चूक दाखवून दिली, ते सांगेन.

२००५ मध्ये 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' नावाचा एक इंग्रजी चित्रपट आला. नाव ऐकून माझी समजूत झाली की, कोणा वेगवान भारतीयाची ही कथा असावी. प्रत्यक्षात 'इंडियन' हे अमेरिकेतील एका मोटारसायकल कंपनीचे नाव आणि कथा न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांची. चित्रपटात कल्पनेचे रंग असतातच. पण मूळ माणसाचे चरित्र त्याहून विलक्षण आहे.

मन्रो यांचा जन्म १८९९ चा. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल नावाचे गाव आहे, तेथे त्यांचे आयुष्य गेले. १९२० मध्ये त्यांनी 'इंडियन स्काऊट' ही ६०० सीसीची मोटारसायकल विकत घेतली. तिचा कमाल वेग ताशी सुमारे ८८ किलोमीटर. १९२६ पासून त्यांनी ती सुधारायला घेतली आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षे तेच एक यंत्र त्यांच्या हाती राहिले. दिवसा मोटारसायकली विकण्याची नोकरी आणि रात्री आपल्या गाडीचे काम.

पैसा नव्हता, म्हणून बाजारातून भाग आणण्याचा प्रश्नच नव्हता. पिस्टन त्यांनी जुन्या डब्यांचे साचे करून घरीच ओतले. गॅसच्या जुन्या बिडाच्या नळातून सिलिंडरचे बॅरल काढले. ट्रॅक्टरच्या पोलादी आसातून कनेक्टिंग रॉड हाताने घडवले. मोजमापासाठी चाकाच्या जुन्या आरीपासून मायक्रोमीटर बनवला. वेगाच्या शर्यतीला साधे टायर चालत नाहीत, तर त्यांची नक्षी सुरीने तासून काढली. यातील प्रत्येक कामाला किती कानस घासावी लागते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

संकटे कमी नव्हती. अपघात झाले, हाडे मोडली. १९४७ मध्ये घटस्फोट होऊन संसार मोडला. या गोष्टीचे कौतुक करण्याचे कारण नाही. छंदापायी घर विसरणे हा आपला आदर्श नव्हे आणि मन्रो यांना त्याची किंमत मोजावी लागली. पुढे वय झाले, हृदयविकार जडला. अशा अवस्थेत १९६२ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, ते अमेरिकेतील बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर आपली गाडी घेऊन उतरले आणि तिच्या गटात ताशी सुमारे २८८ किलोमीटर वेगाचा विक्रम केला. १९६७ मध्ये, ६८ व्या वर्षी, पुन्हा विक्रम. तेव्हा वेगाची सरासरी काढताना चूक झाली होती. ती त्यांच्या मुलाच्या लक्षात आली आणि २०१४ मध्ये, वडिलांच्या मृत्यूनंतर ३६ वर्षांनी, त्या विक्रमाचा आकडा दुरुस्त होऊन ताशी २९६ किलोमीटर असा नोंदला गेला. ८८ वर थांबणारे यंत्र २९६ पर्यंत गेले, ते एका शेडमध्ये, दोन हातांनी.

परंतु मला हलवून गेला तो हा आकडा नव्हे. त्यांच्या शेडमध्ये एक फळी होती. फुटलेले पिस्टन, तुटलेले रॉड असे वर्षानुवर्षांचे निकामी भाग तिच्यावर मांडून ठेवलेले असत आणि तेथे लिहिलेले होते, वेगाच्या देवाला अर्पण! बंधूंनो, आपण खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतो. कानस, पाना, हातोडी यांना हळदकुंकू वाहतो, लेथला झेंडूचा हार घालतो. पण आपण पूजा करतो ती धड असलेल्या, चालणाऱ्या हत्याराची. जो भाग घडवताना फसला, तो भंगारात जातो. आपल्या संस्कृतीचे नाव न ऐकलेला तो माणूस फसलेल्या भागालाही नैवेद्य मानत होता.

ती फळी मला खुपली, कारण माझ्याही घरी एक पेटी होती.

माझे वडील टर्नर होते. त्यांच्या कारखान्याला टाळे लागले, तेव्हा मी शाळेत होतो. थकलेली देणी बरीच उशिरा आणि तुटपुंजी मिळाली. त्यातून त्यांनी एक जुना लेथ घेतला आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जॉबवर्क सुरू केले. ते कधी नीट चालले, कधी नाही. माझ्या आत्याला लहानपणी पोलिओ झाला होता. त्या पडत्या काळात वडिलांनी तिच्यासाठी हाताने चालवायची तीनचाकी गाडी करायला घेतली. सारे सामान जुन्या सायकलींचे.

पहिली गाडी चार दिवसांत बसली. सायकलच्या चाकाचा आस दोन्ही बाजूंनी धरलेला असतो. वडिलांनी मागची चाके एकाच बाजूने टांगली होती, आस वाकले. दुसऱ्या गाडीला त्यांनी जाड आस घडवले; पण बैठक उंच आणि मागची चाके जवळजवळ. वळणावर गाडी कलंडली, आत्याचा हात मोडला. त्या दिवशी घरात कोणी जेवले नाही. आजी म्हणाली, "पुरे झाले आता हे खेळ." वडील काही बोलले नाहीत. आत्याचे प्लास्टर निघेपर्यंत त्यांनी तिसरी गाडी केली. बैठक गुडघ्याएवढी खाली आणली, मागच्या चाकांतील अंतर वाढवले, साखळी पुढच्या चाकाला जोडली. आत्या पुन्हा बसायला तयार नव्हती. वडील स्वतः त्या गाडीत बसून गल्लीच्या वळणावरून वीस-पंचवीस वेळा फिरले, तेव्हा ती बसली. त्या गाडीने तिने पुढे बारा वर्षे शिवणवर्गाची नोकरी केली.

वाकलेले आस, तुटलेले दाते वडिलांनी एका लाकडी पेटीत ठेवले होते. ते गेल्यावर मी लेथ विकला आणि ती पेटी भंगारवाल्याला दिली; त्याने तिचे वेगळे पैसेसुद्धा धरले नाहीत. मी शिकलेला होतो, म्हणून मला ते भंगार वाटले. पहिला आस का वाकला आणि दुसरी गाडी का कलंडली, हे सारे ज्ञान त्या पेटीत होते. ते कोणत्याही वहीत नव्हते. मन्रो यांच्या मुलाने वडिलांचा हिशेब तपासला. मी वडिलांचा हिशेब भंगारात घातला.

हीच गोष्ट समाजाच्या पातळीवरही घडते. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी हे नाव तरुणांपैकी किती जणांना ठाऊक आहे? शालेय शिक्षण अगदी थोडे. पण स्वातंत्र्यानंतर लगेचच त्यांनी 'मीरा' ही छोटी मोटार घडवली. पुढे दोन दशकांहून अधिक काळ तिचे नवे नमुने ते करत राहिले. इंजिन मागे, स्प्रिंगऐवजी रबराचा वापर, किंमत मध्यमवर्गाला झेपेल अशी ठेवण्याचा आग्रह. मोटार रस्त्यावर धावली, पण तिचा कारखाना उभा राहिला नाही. डिसेंबर १९८३ मध्ये देशाला लहान मोटार मिळाली, ती जपानी कंपनीच्या सहकार्याने. परदेशी तंत्र घेण्यात गैर काही नाही. मात्र आपल्या कारागिराने फसत-सुधारत मिळवलेले ज्ञान कोणी पुढे नेले नाही, ही हानी कशी मोजणार? एकट्या माणसाची जिद्द यंत्र घडवते. ते यंत्र टिकवण्याचे काम समाजालाच करावे लागते. स्वतःच्या अवजारांवर पोट भरणाऱ्यांच्या या क्षेत्राला दत्तोपंत ठेंगडी यांनी विश्वकर्मा क्षेत्र म्हटले, ते उगाच नव्हे.

येथे तरुणांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जिद्द म्हणजे बेशिस्त नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार वाहनात मनमानी बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितले. मन्रो यांनी विक्रम केला तो मोकळ्या मैदानावर, बाजारपेठेत नव्हे. सायलेन्सर काढून गल्लीत धुरळा उडवणे ही कारागिरी नाही. मात्र दिव्यांग व्यक्तीसाठी वाहनात आवश्यक बदल करण्याचा मार्ग याच कायद्याने, रीतसर परवानगी घेऊन, खुला ठेवला आहे. खरे आव्हान तेथे आहे. कोणाचा उजवा पाय नाही, कोणाच्या बोटांत बळ नाही. प्रत्येकाची गाडी वेगळी. असे काम मोठ्या कारखान्याच्या साच्यात सहसा बसत नाही, ते तुमच्या हातांत बसते.

केंद्र शासनाने १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. लोहार, सुतार, कुलूप घडवणारे अशा १८ व्यवसायांना प्रशिक्षण आणि सवलतीचे कर्ज देणारी ही योजना आहे. तिचा लाभ जरूर घ्या, इतरांना मिळवून द्या. पण शासन हत्यार देईल, हात कोण देणार? येथे निवृत्त टर्नर, फिटर, वेल्डर बसले आहेत. आठवड्यातून एक सायंकाळ वस्तीतील चार मुलांना आपल्या बाकावर उभे करा. वर्षाकाठी एका दिव्यांग बंधूची किंवा भगिनीची गाडी त्यांच्याकडून घडवून घ्या. पहिली फसेल. ती रिकामी असतानाच फसू द्या. कोणाला बसवण्याआधी वळणावरून आपण फिरा.

आणि माता-भगिनींना एक विनंती. मुलगा आयटीआयला जातो म्हटल्यावर मान खाली घालू नका. त्याने काही मोडले, तर ते लगेच भंगारात घालू नका. घरात एक फळी ठेवा. येत्या खंडेनवमीला हार घालाल, तेव्हा एक फूल त्या फळीवरही वाहा.

माझ्याकडे आता ती पेटी नाही. तुमच्याकडे असेल, तर जपा.

 

भारत माता की जय!