लेकरू थांबायला कसं शिकतं?



मागच्या आठवड्यात आमच्या गटाची बैठक चालू होती. तीन वर्षांच्या एका पोरानं दुसऱ्याच्या हातातला बिस्किटाचा पुडा हिसकला. दिला नाही म्हणून त्याला चावला. झालं, बचतीचा हिशेब राहिला बाजूला! एक आजी म्हणाल्या, "दोन रट्टे द्या, वळण आत्ताच लागतं." दुसरी म्हणाली, "लहान आहे, मोठं झालं की आपोआप कळेल."

मला दोघींचंही अर्धंच पटलं. एवढ्याशा लेकराला राग आवरत नाही, ती त्याची खोड नव्हे. मन आवरणारा मेंदूचा भाग पार विशी ओलांडेपर्यंत घडत असतो. पण आपोआपही काही येत नाही. भाकरी थापायची जशी हाताला सवय लागते, तशीच थांबायचीही लागते. मारानं लेकरू एवढंच शिकतं, की जो मोठा त्याचाच हात वर.

अंगणवाडीची सरकारी योजना १९७५ सालची, पण कल्पना जुनी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला गरिबांच्या लेकरांसाठी काम सुरू केलं. लेकरं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत त्या राहिल्या. ताराबाईंनी मॉन्टेसरीबाईंची पद्धत गावाला परवडेल अशी करून घेतली. त्या मूळ पद्धतीत प्रत्येक साधन एकच ठेवतात. दुसरा खेळत असेल तर त्यानं जागेवर ठेवेपर्यंत थांबायचं. आणि नंतर ते मिळतंच, म्हणून लेकरू थांबतं.

त्या 'मिळतंच'मध्ये सगळं आहे, बायांनो. अमेरिकेत रॉचेस्टरला २८ लहान मुलांवर एक प्रयोग झाला, २०१३ साली तो छापून आला. निम्म्या मुलांना मोठ्या माणसानं कबूल केलेले रंग आणून दिले, निम्म्यांना "नाहीत" म्हणून सांगितलं. मग सगळ्यांपुढे एकेक गोड वडी ठेवली. आता खाल्ली नाही तर दोन मिळतील, असं सांगितलं. शब्द पाळलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. फसवलेली जेमतेम ३. त्यांचं तरी काय चुकलं? हातातली का सोडावी?

हे ऐकलं आणि मला माझा थोरला आठवला. हळद काढायला जाताना मी त्याला खेळात गुंतवून मागच्या दारानं सटकायचे. "बाजारातून खाऊ आणते" म्हणायचे आणि विसरायचे. पुढे तो पदर सोडेना, न्हाणीच्या दाराशी बसून राहायचा. सगळे हट्टी म्हणायचे, मीही म्हणायचे. एकदा मारलंही. ते अजून सलतं.

धाकटीच्या वेळी सांगून जायला लागले. "ओट्यावरचं ऊन उतरलं की येते." चार दिवस ती रडली, बांधावर मीही रडले. रोजंदारीच्या बाईला वेळ पाळणं सोपं नाही. उशीर झाला की मी तिला जवळ घेऊन म्हणायचे, "आज माझं चुकलं." हळूहळू ती ओट्यावर बसून ऊन बघायला लागली.

त्या दिवशी बैठकीत पोराच्या आईनं त्याला मांडीवर घेतलं, हात धरले. "चावायचं नाही, त्याला दुखतं. पाहिजे तर माग." मग दोघांच्या मध्ये पुडा ठेवला, एक ह्याला, एक त्याला. तिसऱ्या बिस्किटाला तो आपण होऊन थांबला. पाचव्याला परत हिसकलं. आम्ही परत पहिल्यापासून वाटायला घेतलं.