बरणी स्वस्त कशी पडेल?

(रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीत टाकी, पार्किंग, गच्चीची गळती या विषयांवर किती सभा झाल्या, त्याची मोजदाद नाही. बरणीवर मात्र ही पहिलीच. हसताय ना? हसा. पण आपल्या बिल्डिंगमधल्या दोन घरांचा किराणा आज लोणच्या-मुरब्ब्यावर चालतो. त्यातल्या एकीनं मला हिशोबाची वही दाखवली. कैरी, तेल, मसाला सगळं धरून जेवढा खर्च, त्याच्या जवळपास निम्मा पुन्हा नुसत्या बरण्यांचा. नफा काचेत जात होता. म्हणून आज या विषयावर बोलायचं ठरवलं.

आपलं भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांचं गाव. गुंड, परात, गंज, तांब्या, काय म्हणाल ते इथं मिळेल. पण लोणच्यासाठी पितळ कामाचं नाही, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. पितळेत तांबं असतं. आंबट पदार्थात ते उतरतं आणि पदार्थ कळकतो. कल्हई असली तर वरण-आमटीपुरतं चालून जातं, पण मीठ आणि आंबट महिनोन्‌महिने मुरत राहिलं की कल्हईचाही निभाव लागत नाही. स्टीललाही मिठानं बारीक खड्डे पडतात. म्हणून पितळेच्या गावातही लोणच्याला चिनी मातीची किंवा काचेची बरणीच लागते, आणि ती येते बाहेरून. चिनी मातीच्या बरण्यांसाठी उत्तर प्रदेशातलं खुर्जा प्रसिद्ध, काचेसाठी फिरोजाबाद. इतक्या लांबून फुटणारा माल आणायचा म्हणजे भाडं आणि फूटतूट आपल्याच माथी.

बाटलीत अन्न टिकवण्याची विद्या तशी जुनी आहे. फ्रान्समधल्या निकोला आपेर यांना सीलबंद काचेच्या बाटलीत, उकळत्या पाण्याच्या उष्णतेनं अन्न टिकवण्याबद्दल सरकारनं १८१० मध्ये १२,००० फ्रँक दिले होते. अमेरिकेत जॉन मेसन यांनी आटे असलेल्या झाकणाच्या बरणीचं पेटंट १८५८ मध्ये घेतलं. आणि आपल्या महाराष्ट्रात? अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा जमवला आणि त्या पैसा फंडातून तळेगाव दाभाड्याला १९०८ मध्ये काच कारखाना उभा राहिला. एकेक पैशातून काचेची भट्टी! मग पंचवीस वर्षं महिन्याच्या महिन्याला मेंटेनन्स भरणाऱ्या आपल्याला चार डझन बरण्या जड का व्हाव्यात?

आता कामाचं बोलते.

पहिली गोष्ट, नगावर भाव करू नका, लिटरवर करा. पाव लिटरची बरणी स्वस्त वाटते, पण तशा चार घेतल्या की एक लिटरच्या एका बरणीपेक्षा महाग पडतात. साधारण किलोभर तयार लोणचं एक लिटरच्या बरणीत मानेखाली बसतं. वर्षाचं लोणचं मोठ्या बरणीत मुरवा, रोजचं छोट्या बरणीत काढून घ्या. सारखा हात लागला नाही तर मोठी बरणी खराबही होत नाही. आणि बरणी किती वर्षं चालेल तेही धरा. दोनशे रुपयांची बरणी दहा उन्हाळे चालली तर वर्षाला वीस रुपये पडले.

दुसरी गोष्ट, घरात येते ती काच टाकू नका. कॉफी, मध, जाम यांच्या बाटल्या भंगारवाल्याला किलोवर जातात आणि त्याच मापाची बरणी आपण दुकानातून नगावर आणतो. जामच्या बाटलीत लिंबाचं लोणचं छान राहतं. तोंड रुंद बघा, खांद्याच्या खाचेत चमचा पोचला पाहिजे. काठावर टवका असेल तर ती बाटली कडधान्याला ठेवा. औषधाची, फवारणीची, फिनाईलची बाटली कितीही धुतली तरी खाण्याच्या वस्तूला नाही म्हणजे नाही.

तिसरी गोष्ट झाकणाची. बरणी टिकते, झाकण गंजतं. पत्र्याच्या झाकणाचा आतला लेप उडाला की खारानं ते खाल्लंच म्हणून समजा. झाकण सुटं मिळतं, तेवढंच बदला. लोणचं मुरेपर्यंत जुना दादराच उत्तम: स्वच्छ, कोरडं सुती कापड, वरून दोरी.

आजीची चिनी मातीची बरणी माळ्यावर असेल तर उतरवा. रात्रभर पाणी भरून वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद ओला दिसला तर बारीक चीर आहे. आतला झिलईचा थर उडाला असेल तर तिच्यात आंबट काही भरू नका, मिरच्या ठेवा.

काचेची बरणी उकळायची तर गार पाण्यात ठेवूनच गॅस लावा. एकदम गरम-गार झालं की काच तडकते. दहा मिनिटं उकळा, स्वच्छ फडक्यावर उपडी घाला, मग कडक ऊन द्या. पाण्याचा एक थेंब म्हणजे बुरशीला आमंत्रण. निखाऱ्यावर हिंग टाकून उपड्या बरणीला धुरी देण्याची पद्धत आपल्याकडे आहेच, ती सोडू नका. साखरांबा गरम भरायचा असेल तर बरणीही कोमट हवी, आणि ती ओट्याच्या दगडावर नको, लाकडी पाटावर ठेवा.

आता सोसायटीचं. मागच्या उन्हाळ्यात आम्ही अकरा घरांनी मिळून यादी केली आणि नागपूरला इतवारीत ठोक दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “पेटीनं घेऊन जा ना जी, सुट्टं काऊन घेता?” पेटी एकट्या घराला जड, अकरा घरांना हलकी. परतीच्या गाडीत जागा होती, म्हणून वेगळं भाडं लागलं नाही. आल्यावर जिन्याखाली वाटप झालं, तेव्हा लोणचं विकणाऱ्या दोघींना आधी दिल्या. बाकीच्यांनी उरलेल्या घेतल्या आणि कोणाची कुरकुर झाली नाही.

त्यातून एक नियम निघाला. त्या दोघींकडून लोणचं घेतलं की बरणीचे दहा रुपये अनामत ठेवायचे आणि धुतलेली बरणी परत दिली की घ्यायचे. सोड्याच्या बाटलीचं असंच होतं, आठवतं ना? विक्रीसाठी परत वापरायची बरणी अखंड आणि उकळलेली हवी, झाकण दर वेळी नवं. दोघींनी अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणीही करून घेतली आहे. आता त्यांच्या वहीत बरणीचा आकडा बराच खाली आला. एकीनं त्या पैशातून लेकीची बारावीच्या क्लासची फी भरली, हे तिनं मला सांगितलं तेव्हा बरं वाटलं.

एक अडचण मात्र आहे. बरण्या परत येत नाहीत. पुण्या-बंगळुरूला लेकरांसोबत जातात त्या तिकडेच राहतात. रिकामं भांडं परत देऊ नये ही आपली रीत, म्हणून “काहीतरी घालून देऊ” म्हणत वर्षभर बरणी ओट्याखाली पडून राहते. माझी विनंती आहे, बरणीपुरती ही रीत बाजूला ठेवा. रिकामीच द्या, पण धुवून द्या. मीटरच्या खोलीशेजारच्या मांडणीवर जागा केली आहे. नवी यादी अक्षय तृतीयेला लागेल, म्हणजे मृगाआधी सगळ्यांच्या बरण्या घरात येतील. ज्यांना पेटीत वाटा हवा त्यांनी घर नंबर आणि लिटर लिहावेत.

बाकी तुम्ही सगळ्या माझ्यापेक्षा हाताच्या चांगल्या आहात, लोणचं कसं घालायचं ते मी काय सांगू!