कोटेशनचं पहिलं पान
(मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपली मुलंही आली आहेत. त्यातल्या काहींना स्वतःचा धंदा करायचा आहे, म्हणून संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत.

मी कारखान्यांसाठी कन्व्हेयर बनवतो, म्हणजे माल इकडून तिकडे नेणारे पट्टे. यंत्र बनवायला मी वर्कशॉपमध्ये शिकलो. गिऱ्हाइकाला प्रस्ताव कसा लिहायचा, हे मात्र एक मोठी ऑर्डर गमावून शिकलो.

एका बिस्किटांच्या कारखान्याकडून चौकशी आली. मी १४ पानांचा प्रस्ताव पाठवला. पहिली सहा पानं आमचीच होती: स्थापना, मशिनं, प्रमाणपत्रं, शेडचे रंगीत फोटो. ऑर्डर दुसऱ्याला गेली, आणि त्याचा दर माझ्यापेक्षा जास्त होता! न राहवून मी तिथल्या खरेदी अधिकाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, "तुमच्याबद्दल सगळं कळलं हो. पण आमच्या अडचणीबद्दल त्यात एक ओळ नव्हती."

तेव्हा मला आपल्या मराठीच्या बाई आठवल्या. नववीत त्यांनी पत्र लिहायला दिलं होतं: नळाला पाणी येत नाही, नगरपालिकेला कळवा. मी सुरुवात केली, "आमच्या गल्लीत सुशिक्षित व प्रतिष्ठित लोक राहतात." बाईंनी ते खोडलं आणि शेजारी लिहिलं, "पाणी कधीपासून नाही ते सांग."

आता मी आधी कारखान्यात जातो. तासभर लाइनजवळ उभा राहतो, माल कुठे तुंबतो ते बघतो, कामगारांशी बोलतो. मग पहिल्या पानावर तेवढंच लिहितो: तुमची खोकी पॅकिंगच्या टेबलापाशी साठतात, दोन माणसं ती हाताने उचलतात, आणि तेवढा वेळ मशिन थांबतं. त्याखाली आमचा उपाय आणि एकूण किंमत. आमची माहिती शेवटी, एका पानात. वाचणाऱ्या साहेबांना तो कागद पुढे मालकांना दाखवायचा असतो. पहिल्या पानावर सगळं असलं की त्यांचं काम सोपं होतं.

दुसरा धडा जास्त महाग पडला. एका कामात केबल कोणी टाकायची, हे मी लिहिलंच नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "आम्ही धरून चाललो होतो की ती तुमच्याकडे." भांडून उपयोग नव्हता, कारण चूक माझ्या कागदाची होती. त्या कामातला नफा केबलमध्ये गेला, आणि दिवाळीचा बोनस द्यायला मी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं.

तेव्हापासून प्रत्येक प्रस्तावात दोन याद्या असतात: आमच्याकडे काय आणि तुमच्याकडे काय. पाया, वीजजोडणी, क्रेन, माल उतरवणं, सगळं त्यात येतं. १८ टक्के जीएसटी आणि वाहतूक किमतीपासून वेगळी दाखवतो. कामाची मुदत ॲडव्हान्स मिळाल्याच्या तारखेपासून मोजतो. स्टीलचे भाव हलतात, म्हणून दर ३० दिवसांपुरताच, हेही लिहितो.

पैसे कधी मिळणार, हे लिहायला नवीन मुलं लाजतात. लाजू नका. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी करून घ्या. २००६ च्या कायद्यानुसार अशा उद्योगाचे पैसे देण्याची मुदत, करार करूनसुद्धा, ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. उशीर झाल्यास व्याजाचीही तरतूद आहे. मात्र आपली अट कागदावर असली, तर मागताना आवाज चढवावा लागत नाही.

आणि प्रस्ताव पाठवून गप्प बसू नका. चार-पाच दिवसांनी फोन करा. "ऑर्डर कधी देताय?" असं न विचारता, "काही शंका आहे का?" असं विचारा. ऑर्डर गेली तर कारणही विचारा. मला माझा सगळ्यात मोठा धडा अशाच एका फोनवर मिळाला.

आजही प्रस्ताव पाठवण्याआधी मी पहिलं पान मोठ्याने वाचतो. "आम्ही"ने सुरू होणारी ओळ दिसली की खोडतो.

बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, त्या पत्राला तुम्ही मला दहापैकी चार गुण दिले होते. ते बरोबरच होते.