शेतांत उगवलेला डोंगर

मुलांनो, शेतांत काय उगवतें असें कोणी विचारलें, तर जोंधळा, बाजरी, कापूस अशीं उत्तरें सहज येतील. परंतु मेक्सिको देशांतील एका शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतांत एके दिवशीं चक्क एक डोंगर उगवला. आणि तोही आग ओकणारा! ही परीकथा नव्हे. ता. २० फेब्रुवारी १९४३ रोजीं घडलेली ही गोष्ट आहे. ज्वालामुखीला अगदीं जन्मापासून पाहण्याची संधि मनुष्याला क्वचितच मिळते. ती या वेळीं मिळाली.

मेक्सिको शहराच्या पश्चिमेस सुमारें तीनशें किलोमीटरांवर पारीकुतीन नांवाचें एक लहानसें खेडें होतें. तेथील दिओनिसिओ पुलिदो या शेतकऱ्याच्या शेतांत एक खळगा होता. तो कितीही भरला तरी पुरता भरून येत नसे. फेब्रुवारी महिना उजाडला आणि त्या भागांत भूकंपाचे धक्के जाणवूं लागले. आभाळांत ढग नसतांना गडगडाट ऐकूं येई. तो जमिनीच्या पोटांतून येत होता. वीस तारखेस दुपारीं चारच्या सुमारास पुलिदो शेतांतील काटक्या जाळण्याच्या तयारींत होता. इतक्यांत त्या खळग्यापाशीं जमिनीला भेग पडलेली त्याला दिसली. पाहतां पाहतां तेथील माती पुरुषभर फुगून वर आली, भेगेंतून राखेसारखी बारीक धूळ उसळूं लागली, फूत्कारासारखा आवाज सुरू झाला आणि गंधकाचा उग्र दर्प पसरला. बिचाऱ्यानें देवाचें नांव घेतलें आणि गांवाची वाट धरली.

रात्रभर त्या भेगेंतून लालबुंद दगड आकाशांत उडत राहिले. वर उडालेले दगड आणि राख भोंवतींच पडून त्यांचा ढीग होऊं लागला. धान्य ओततांना जशी शंकूच्या आकाराची रास होते, तशीच ती रास होती. चोवीस तासांत ती सुमारें पन्नास मीटर उंच झाली. वर्षभरांत तिची उंची तीनशें मीटरांच्याही वर गेली. खळगा नाहींसा झाला, शेत नाहींसें झालें आणि त्या जागीं डोंगर उभा राहिला.

हें घडलें कसें? पुष्कळांची अशी समजूत असते कीं, पृथ्वीच्या पोटांत सर्वत्र वितळलेल्या अग्नीचा समुद्र असून आपण त्यावरील पातळ सालीवर राहतों. ती समजूत बरोबर नाहीं. आपल्या पायांखालीं प्रथम कठीण भूकवच आहे आणि त्याच्या खालीं प्रावरण नांवाचा सुमारें २,९०० किलोमीटर खोलीपर्यंतचा थर आहे. हा थर अतिशय तप्त आहे खरा. परंतु वरील खडकांचा दाब इतका प्रचंड असतो कीं, एवढ्या उष्णतेंतही तो बहुतेक सर्व घनच राहतो. तो वितळावयास कांहीं विशेष कारण घडावें लागतें.

मेक्सिकोंत तें कारण म्हणजे पाणी. पृथ्वीचें कवच अखंड नसून अनेक मोठमोठ्या तुकड्यांचें बनलेलें आहे आणि हे तुकडे फार सावकाश सरकत असतात. मेक्सिकोच्या पश्चिमेस पॅसिफिक महासागराच्या तळाचा कोकोस नांवाचा तुकडा वर्षाला कांहीं सेंटिमीटर, या गतीनें त्या देशाच्या भूमीखालीं शिरत आहे. जातांना तो आपल्या खडकांत मुरलेलें सागराचें पाणीही बरोबर नेतो. खोल गेल्यावर तो तापतो आणि तें पाणी सुटून वरच्या तप्त प्रावरणांत शिरतें. घरीं आइसक्रीम करतांना भांड्याभोंवतीं बर्फ घालून त्यांत मीठ टाकतात, हें तुम्हीं पाहिलें असेल. मिठामुळें बर्फ एरवीपेक्षां कमी तपमानावर वितळतो. बर्फाला जसें मीठ, तसें त्या खडकाला पाणी. एरवी घन राहिला असता तो खडक पाण्याच्या संसर्गानें वितळूं लागतो. या वितळलेल्या खडकाला शिलारस म्हणतात. तो भोंवतालच्या घन खडकापेक्षां हलका असल्यामुळें, पाण्यांत तेल वर यावें तसा, फटीफटींतून वर चढूं लागतो.

पण तो उसळतो कां? गोळीची सोडावॉटरची बाटली फोडतांना काय होतें तें आठवा. गोळी आंत आहे तोंवर सोडा शांत दिसतो, कारण वायु दाबाखालीं पाण्यांत विरघळलेला असतो. गोळी खालीं ढकलली कीं दाब कमी होतो, वायूचे बुडबुडे होतात आणि सोडा फसफसून बाहेर येतो. शिलारसांतही पाण्याची वाफ व इतर वायु असेच दडलेले असतात. तो भूपृष्ठाजवळ आला कीं दाब उतरतो, वायु फुगतात आणि रसाच्या चिंधड्या उडवीत बाहेर पडतात. त्याच चिंधड्या गार होऊन राख आणि दगड बनतात. ज्यांतील वायु निघून गेला आहे असा रस मात्र शांतपणें वाहूं लागतो. तोच लाव्हा होय. पारीकुतीनच्या लाव्ह्याचें तपमान हजार अंश सेंटिग्रेडच्याही वर होतें.

हा लाव्हा सावकाश पुढें सरकत होता, म्हणून माणसांना पळून जाण्यास वेळ मिळाला. त्याच्याखालीं सांपडून कोणीही मेलें नाहीं. घरें व शेतें मात्र पळूं शकत नाहींत. पारीकुतीन गांव गडप झालें. नंतर शेजारच्या सान हुआन गांवाची पाळी आली. १९४४ सालीं तेथील लोकांनीं आपल्या देवळांतील ख्रिस्ताची मूर्ति खांद्यावर घेतली आणि चालत जाऊन दूर नवें गांव वसविलें. जुन्या गांवाच्या जागीं आज काळ्या दगडांचा समुद्र दिसतो. त्यांतून चर्चचा मनोरा तेवढा डोकें वर काढून उभा आहे. १९५२ सालीं, नऊ वर्षांनीं, तो डोंगर शांत झाला. तेव्हां त्याची उंची मूळच्या शेतापासून ४२४ मीटर भरली. अशा जातीचे ज्वालामुखी एकदां विझले कीं पुनः जागे होत नाहींत.

भारतांत जागृत ज्वालामुखी पाहावयाचा तर अंदमानच्या समुद्रांतील बॅरन बेटाकडे जावें लागेल. दीड शतकाहून अधिक काळ निद्रिस्त राहून तें बेट १९९१ सालीं पुनः धुमसूं लागलें. महाराष्ट्रांत असा एकही पर्वत नाहीं. पण म्हणून महाराष्ट्राचा ज्वालामुखीशीं संबंध नाहीं असें मात्र नव्हे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं येथील भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्ह्याचे लोटच्या लोट वाहिले. एक थर निवावा, त्यावर दुसरा पसरावा, असें किती वेळां तरी झालें. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, ते हेच थर. अजिंठा व वेरूळ येथील लेणीं याच दगडांत खोदलीं आहेत, आणि कापूस पिकविणारी काळी माती याच दगडाची झीज होऊन बनली आहे.

घरांतील पाटा-वरवंटा किंवा जुनें जातें काळ्या दगडाचें असेल, तर तें एकदां नीट न्याहाळावें. कित्येकदां त्यावर बारीक बारीक छिद्रें आढळतात. तीं त्या वायूच्या बुडबुड्यांचीं घरें आहेत. रस थिजला, वायु निघून गेला आणि घरें तशींच रिकामीं राहिलीं. आई ज्या पाट्यावर चटणी वाटते, तोही एके काळीं नदीसारखा वाहत होता.