चोरीचा आळ आणि ‘इथेच मिटवा’चा सापळा

(लोहारा येथील व्याख्यानाचा मजकूर)



लोहाऱ्याच्या बाजारात पूर्वी गिऱ्हाईक मालाला हात लावीत नसे. दुकानदार गादीवर बसलेला, माल त्याच्या पाठीशी. तो तराजूत तोलणार, कागदात पुडी बांधून देणार आणि पैसे कमी पडले तर वहीत नाव मांडणार. गिऱ्हाइकाचा आजा कोण, हेही त्याला ठाऊक असे. अशा दुकानात चोरीचा आळ येण्याला जागाच थोडी. आज लोहारा तालुक्यातील मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी सोलापूर, लातूर, पुण्याला राहतात. तेथील मोठ्या दुकानांत माल उघड्या फळ्यांवर मांडलेला असतो, गिऱ्हाईक तो स्वतः उचलते आणि दारातील पहारेकऱ्याला त्याच्या घराण्याशी काही कर्तव्य नसते. ओळखीची जागा कॅमेऱ्याने घेतली आहे.

समजा, अशाच एका मुलीच्या पिशवीत दीडशे रुपयांची एक डबी सापडली आणि ती बिलात नाही. ती विसरली असेल, गल्ल्यावरच्या माणसाकडून नोंद राहून गेली असेल, किंवा तिने खरोखरच उचलली असेल. पहारेकरी तिला मागच्या खोलीत नेतो, दार लोटून घेतो. कागद पुढे सरकवला जातो : ‘चोरी केल्याचे लिहून दे.’ मग ती डबी हातात धरून फोटो. मग दंड, दहापट. काही दुकानांत तशी पाटीच लावलेली असते. ‘भरलेस तर इथेच मिटेल, नाहीतर पोलीस येतील, कॉलेजला कळेल, गावाकडे कळेल.’

दीडशे रुपयांच्या डबीसाठी दीड हजार मोजताना ती मुलगी खरे तर त्या शेवटच्या दोन शब्दांची किंमत मोजत असते. गावाकडे कळेल! लहान गावात आळ हा निकालापेक्षा वेगाने पोहोचतो आणि निकालानंतरही परत जात नाही. म्हणून कायदा त्या खोलीत नेमके काय सांगतो, हे प्रत्येक घराला ठाऊक असावयास हवे.

प्रथम चोरी म्हणजे काय? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ मध्येही, जुन्या दंड संहितेच्या ३७८ प्रमाणेच, अप्रामाणिक हेतू हा चोरीचा प्राण आहे. पैसे द्यायचे राहून जाणे ही चूक आहे, गुन्हा नव्हे. हेतू कोणता होता हे ठरविणे न्यायालयाचे काम, पहारेकऱ्याचे नव्हे. आणि हेतू खोटाच असला तरी? पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या मालाची चोरी, आरोपी प्रथमच दोषी ठरत असेल आणि माल वा त्याची किंमत परत केली असेल, तर नव्या कायद्याने समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. असा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलिसांनाही त्याचा तपास करता येत नाही.

यातून एक मोठी गोष्ट निघते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० ने सामान्य माणसाला अटकेचा अधिकार दिला आहे. पण तो त्याच्या डोळ्यांदेखत घडलेल्या दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यापुरता. तेथेही विनाविलंब, फार तर सहा तासांत, त्या व्यक्तीला पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. दीडशे रुपयांच्या डबीसाठी पहारेकऱ्याला हा अधिकार उरत नाही. आपला माल परत मागण्याचा, पोलिसांना बोलावण्याचा हक्क दुकानाला आहेच. पण दार लावून कोंडून ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा होय. अंगझडतीचेही तसेच. पोलिसांनादेखील स्त्रीची झडती केवळ स्त्रीकडूनच आणि सभ्यता राखूनच घेता येते. खासगी पहारेकऱ्याला संमतीवाचून ती घेण्याचा अधिकार नाही.

आता तो कागद. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हे संरक्षण साक्ष कायद्यात ब्रिटिश काळापासून आहे आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. परंतु दुकानाचा व्यवस्थापक म्हणजे पोलीस नव्हे. त्याला लिहून दिलेली कबुली न्यायालयात पुढे येऊ शकते. ती धाकाने घेतली होती, हे मग त्या मुलीलाच सांगत बसावे लागते. पोलीस ठाण्याला घाबरून माणूस मागच्या खोलीत सही करतो, आणि पोलीस ठाण्यात मिळाले असते ते संरक्षण गमावून बसतो! सही करू नये, हा सल्ला निर्दोष माणसाला आहे तसा चुकलेल्यालाही आहे.

दंडाचे काय? दंड करण्याचा अधिकार न्यायालयाचा. दुकानाचे खरोखर नुकसान झाले असेल तर त्याने दिवाणी दावा करावा, नुकसान सिद्ध करावे. साधी चोरी मालकाच्या संमतीने मिटविण्याची मुभा कायद्यात आहे, म्हणून प्रत्येक समझोता बेकायदा ठरत नाही. पण बदनामीचा धाक घालून उकळलेली रक्कम हा समझोता नव्हे. कायद्याच्या भाषेत तिला खंडणी म्हणतात. शिवाय १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७२ सांगते की, बळजबरीने घेतलेले पैसे परत करावे लागतात. त्यासाठी पावती मागून घ्यावी. पावती मागितली की पुष्कळदा आवाज खाली येतो.

पहारेकरी कोणाला अडवतो, हाही प्रश्न आहे. कपडे, बोली, खांद्यावरची पिशवी पाहून संशय ठरतो. धाराशिव जिल्ह्याला याची वेगळी ओळख करून द्यायला नको. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच आरोप मानले. पुढे सोलापूरला तारेच्या कुंपणातील वसाहती उभ्या राहिल्या. कायदा १९५२ मध्ये गेला, नजर गेली नाही. गावात चोरी झाली की पोलीस प्रथम पारध्याच्या पालावर जात. तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला १९९३ मध्ये भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी सुरू झालेल्या कामाला या नजरेशीच झुंजावे लागले. त्या कामाचे गिरीश प्रभुणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्या पालावरची मुले आता शिकून शहरात जातात, मोठ्या दुकानात जातात.

परदेशी गेलेल्या मुलांपुढे याच सापळ्याचे अधिक सभ्य रूप येते. इंग्लंडमध्ये दुकानांच्या वतीने खासगी कंपन्या घरी पत्र पाठवितात : माल परत मिळाला असला तरी ‘सुरक्षा खर्चा’पोटी अमुक पौंड भरा. २०१२ साली ऑक्सफर्डच्या काउंटी न्यायालयात असे एक प्रकरण चालले. दोन मुलींकडून प्रत्येकी १३७.५० पौंड मागितले होते. न्यायाधीशांनी दावा फेटाळला. पहारेकऱ्यांना ज्या कामाचा पगार मिळतो तेच त्यांनी त्या दिवशी केले, त्यामुळे दुकानाचे वेगळे नुकसान झाले नाही, असे त्यांचे म्हणणे. अमेरिकेत स्थिती निराळी आहे. तेथे बहुतेक राज्यांत अशा वसुलीला कायद्याचाच आधार आहे. मात्र पत्रातील रक्कम भरल्याने फौजदारी प्रकरण संपत नाही, हे तेथे गेलेल्या पुष्कळांना उशिरा कळते. चोरीच्या प्रकरणात व्हिसा रद्द होऊ शकतो, असा इशारा भारतातील अमेरिकी दूतावासाने जुलै २०२५ मध्ये दिला होता. तेथे पैसे भरण्याआधी वकील गाठावा.

इकडे असे पत्र लोहाऱ्याच्या घरी आले तर? वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचे समन्स नव्हे. नोटिशीला लेखी उत्तर द्यावे, आरोप नाकारावा, नुकसानीचा हिशेब आणि कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवण्याची मागणी त्याच पत्रात करावी; चित्रण ठरावीक दिवसांनी पुसले जाते, म्हणून हे लगेच करावे. समन्स मात्र कधीही टाळू नये. मुलगा अठरा वर्षांखालील असेल तर त्याला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही आणि त्याची ओळख प्रसिद्ध करणे गुन्हा आहे. दुकानाने कोणाचाही फोटो ‘चोर’ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरविला, तर बदनामीची तक्रार करता येते.

राहता राहिला त्या खोलीतून केलेला पहिला फोन. बहुतेक मुली तो मैत्रिणीला करतात, पैसे मागायला. वडिलांना करीत नाहीत. पलीकडून ‘तू घेतलीस का?’ हाच प्रश्न आधी येईल, ‘तू कुठे आहेस?’ हा नंतर, याची त्यांना खात्री असते. ही खात्री त्यांना कोणी दिली, हे घराघरांतून पाहावे लागेल.

वकिलाच्या खर्चाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेला कोणीही, उत्पन्न न पाहता, मोफत वकिलास पात्र आहेत. तालुका वा जिल्हा विधी सेवा कार्यालयात साधा अर्ज करावा. रात्री-अपरात्री अडचण आली तर १५१०० हा क्रमांक आहे. तो आज घरी गेल्यावर मुलांच्या फोनमध्ये घालून ठेवावा.