बॅटरी बदलली, तारांचे काय?

मोटेच्या पाण्यासाठी खणलेला पाट विहिरीवर पंप बसला की अपुरा पडू लागतो. पाणी बांध फोडते आणि लोक पंपाला दोष देतात. वास्तविक पंप निर्दोष असतो. पाण्याची वाट तेवढी जुनी राहिलेली असते. अमेरिकेत मोटारीमागे जोडून नेल्या जाणाऱ्या फिरत्या घरांच्या बाबतीत हल्ली असाच प्रकार घडत आहे.

या घराला तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. त्यात निजण्याची सोय असते, शेगडी असते, शीतकपाट असते, पाण्याचा लहानसा पंपही असतो. हिवाळ्यात अ‍ॅरिझोना राज्यातील क्वार्ट्झसाइट गावाभोवतीच्या वाळवंटात अशी हजारो घरे मुक्कामाला येतात. तेथील मोकळ्या रानात विजेचे खांब नाहीत. दिवे आणि पंप यांची सारी भिस्त घराच्या पुढच्या दांड्यावर ठेवलेल्या 12 व्होल्टांच्या बॅटरीवर असते.

ही बॅटरी पूर्वापार शिसे व आम्ल यांची असे. गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 साली शोधलेला तो प्रकार. 100 अँपिअर-तासांच्या अशा बॅटरीचे वजन सुमारे 30 किलो भरते आणि तिचे आयुष्य टिकवायचे तर निम्मीच वीज वापरावी लागते. आता तिची जागा लिथियम, लोह व फॉस्फेट यांची बॅटरी घेत आहे. या द्रव्याचा गुण दाखवणारा निबंध टेक्सास विद्यापीठातील पाढी, नंजुंडस्वामी व गुडइनफ यांनी 1997 साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी गुडइनफ यांना लिथियम बॅटरीवरील एकूण कार्याबद्दल 2019 साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. नव्या बॅटरीचे वजन जुनीच्या निम्म्याहून कमी असते आणि तिच्यातील जवळजवळ सर्व वीज वापरता येते. साहजिकच पुष्कळ गृहस्थ जुनी पेटी काढून त्या जागी नवी ठेवतात आणि काम संपले असे समजतात.

काम तेथून सुरू होते. जुनी बॅटरी दुबळी होती आणि तिचा दुबळेपणा हेच एक प्रकारचे संरक्षण होते. मोठा भार पडला की तिचा दाब खाली येई आणि उपकरण आपोआप बंद पडे. नवी बॅटरी अशी दमत नाही. 1500 वॅटची शेगडी इन्व्हर्टरमार्फत चालवली तर बॅटरीतून सुमारे 130 अँपिअर प्रवाह निघतो. प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते. दिव्यांसाठी घातलेली बारीक तार हा भार सोसू शकत नाही. म्हणून बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची तार जाड व आखूड हवी, आणि धन टोकाजवळच योग्य फ्यूज हवा. फ्यूज हा मुख्यतः तारेच्या रक्षणासाठी असतो. तारेच्या ताकदीपेक्षा मोठा फ्यूज घातला, तर आधी तारच जळते. आणि ती तार लाकडी भिंतीत, निजलेल्या मुलांच्या उशाशी असते.

भरण्याची व्यवस्थाही तपासावी लागते. ट्रेलरमधील जुना कन्व्हर्टर बहुधा 13.6 व्होल्टांच्या आसपास थांबतो. नव्या बॅटरीला पुरी भरण्यासाठी 14.2 ते 14.6 व्होल्ट लागतात. उलट मोटारीच्या आल्टरनेटरकडून ही बॅटरी मिळेल तितका प्रवाह ओढते व त्याला तापवते. त्यासाठी मध्ये प्रवाह मर्यादित करणारा, डीसी-टू-डीसी नावाचा चार्जर बसवतात. शून्य अंशाखालील थंडीत ही बॅटरी भरली तर आत लिथियम धातूचा थर साचून ती कायमची बिघडते. म्हणून थंड प्रदेशात ती घराच्या आत ठेवणे बरे. जुनीसारखा हायड्रोजन वायू ती नेहमीच्या वापरात सोडत नाही, त्यामुळे हे शक्य होते.

या साऱ्यात एक लहानशी तार विसरली जाते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची असते. ट्रेलरच्या दांड्यावर एक खुंटीचा स्विच असतो. धावत्या मोटारीपासून ट्रेलर सुटला, तर मोटारीला बांधलेली दोरी ती खुंटी उपटते आणि ट्रेलरच्या स्वतःच्या बॅटरीवर त्याचे विजेचे ब्रेक लागतात. नव्या बॅटरीच्या पोटात एक रक्षक-यंत्रणा असते. बॅटरी फार उतरली की ती प्रवाह एकदम तोडते. जुनी बॅटरी मरता मरताही थोडी वीज देई. नवी अशा वेळी काहीच देत नाही. शिवाय जोडणी बदलताना ही तार मुख्य स्विचच्या चुकीच्या बाजूला गेली, तर स्विच बंद करताच ब्रेकही निकामी होतात. घाटाच्या उतारावर सुटलेला दोन-तीन टनांचा ट्रेलर मग समोरून येणाऱ्याच्या अंगावर जातो.

म्हणून जाणते कारागीर ही तार मुख्य स्विच बंद असतानाही वीज मिळेल अशी जोडतात, किंवा ब्रेकसाठी निराळी लहान बॅटरी ठेवतात. बॅटरी तळाला जाण्यापूर्वीच इन्व्हर्टर बंद पडेल अशीही योजना करतात. हात लावण्यापूर्वी बाहेरची वीज तोडणे व बॅटरीची ऋण तार आधी सोडवणे हा त्यांचा नेम असतो. काम झाल्यावर ट्रेलरचा विजेचा प्लग मोटारीतून काढून ते खुंटी उपटतात आणि गाडी हळूच पुढे घेऊन चाके अडतात की नाही ते पाहतात. एवढे केले की खुंटी पुन्हा बसवून प्रवासाला निघावे. या परीक्षेला पाच मिनिटेही लागत नाहीत. ती टाळण्याची किंमत मात्र रस्त्यावरच्या परक्या माणसाला द्यावी लागते.